बल्कांवावरची विद्वत्सभा

डिसेंबरचा तिसरा आठवडा उजाडला की आमच्या पेशातल्या माणसांना दोन गोष्टी सुचतात. लोकांना शुभेच्छा देणं आणि लोकांना घाबरवणं. बहुतेकदा दोन्ही एकाच पत्रात उरकतात. ‘आपणांस व आपल्या कुटुंबीयांस नाताळ व नववर्षाच्या हार्दिक शुभेच्छा. आपल्या तात्पुरत्या अर्जाची बारा महिन्यांची मुदत 31 डिसेंबर रोजी संपत असून त्यानंतर अर्ज सोडून दिल्याचे समजण्यात येईल.’ पत्र वाचणाऱ्याला शुभेच्छा कुठे संपल्या आणि शिव्याशाप कुठे सुरू झाले ते कळत नाही.

मी पेटंट एजंट आहे. गावाकडे याचा खुलासा करणं सोपं नसतं. विम्याचा एजंट ठाऊक असतो, प्रवासाचा ठाऊक असतो, त्यामुळे ‘आमचं काम करून दे की’ एवढंच ऐकू येतं. काहीजण वकीलबाई म्हणतात, पण मी वकील नाही. आमच्या परीक्षेला बसायला कायद्याची पदवी लागत नाही, विज्ञानाची किंवा इंजिनिअरिंगची लागते. माझी रसायनशास्त्राची आहे. म्हणजे धड वकील नाही, धड शास्त्रज्ञ नाही, आणि दोघांचेही दोष शाबूत.

परदेशातली पेटंट मंडळी या दिवसांत फार सुंदर कार्डं पाठवतात. त्यावर सांताक्लॉजची गाडी असते, पण पेटंटच्या आकृतीसारखी काढलेली. गाडी 10, सांता 12, पोतं 14, पुढच्या हरणाचं लाल नाक 16. आम्हा लोकांना यावर खदखदून हसू येतं आणि घरच्यांना आमची काळजी वाटते. यात थट्टा कमी आणि वस्तुस्थिती जास्त आहे, कारण अमेरिकेत 1996 मध्ये ‘सांताक्लॉज डिटेक्टर’ नावाच्या वस्तूला खरोखरच पेटंट मिळालं आहे. नाताळचा मोजा, त्यात दिवा, सांता येऊन गेला की दिवा लागतो. आपल्याकडे हा अर्ज आला असता तर पहिल्याच परीक्षण अहवालात विचारलं असतं, सांता येतो याला पुरावा काय?

गेल्या डिसेंबरात मीही तसंच एक कार्ड काढलं. केरीहून तेरेखोलला जाणारी फेरीबोट 10, तिचा तांडेल 12, स्कूटर 14, स्कूटरवर बसलेला पर्यटक 16, मधोमध झोपलेला कुत्रा 18. कार्ड मी फेरीवर बसूनच काढलं, कारण तिथे वेळ भरपूर असतो. ओहोटी फार असली तर फेरी चालतच नाही, आणि मग तेरेखोलला जायला किरणपाणीचा पूल ओलांडून, आरोंदा-रेडी करत, म्हणजे गोव्यातून निघून महाराष्ट्रातून हिंडून पुन्हा गोव्यात यावं लागतं. नदीच्या उत्तरेला गोव्याचा एवढाच तुकडा. किल्ला बांधला सावंतवाडीच्या खेम सावंतांनी, 1746 मध्ये तो घेतला पोर्तुगीजांच्या मार्किस द अलोर्नाने, आणि सध्या त्यात पाहुणे भाड्याने राहतात. आमच्या अर्जावर ‘खरा आणि प्रथम शोधक’ असा एक रकाना असतो आणि हक्क कोणाकडे आहे याचा वेगळा. ते दोन रकाने वेगवेगळे का, हे नव्या उमेदवारांना समजावताना मला तेरेखोल फार उपयोगी पडतो.

एका बाबतीत मात्र हद्दीचा त्रास नाही. पेटंटचा अर्ज तेरेखोलचा माणूस करो की रेडीचा, दोघांचंही कार्यालय एकच, मुंबईत अँटॉप हिलला. गोवा आणि महाराष्ट्र यांचं इतकं बिनबोभाट एकमत दुसऱ्या कशावर असेल तर मला कळवा.

माझं माहेर केरीचं. बाबांचे शाळेपासूनचे दोस्त तेरेखोलला राहतात, आम्ही त्यांना अंकल म्हणतो. चतुर्थीला ते आमच्याकडे नेवऱ्या खायला येतात, नाताळात आम्ही त्यांच्याकडे नेवऱ्या खायला जातो. वस्तू तीच, फक्त सण आणि सारणाबद्दलचा अभिमान बदलतो. त्यांच्या घराला जुना बल्कांव आहे, म्हणजे दारापुढचा ओटा, दोन्ही बाजूंना बसायला सिमेंटचे सोपे. नाताळात तिथे जी बैठक भरते ती आमच्या धंद्याच्या दृष्टीने गोव्यातली सर्वांत धोकादायक जागा आहे.

कारण पेटंटचं सगळं शास्त्र एका अटीवर उभं आहे: आधी अर्ज, मग बोला. अर्जापूर्वी शोध चारचौघांत फुटला तर तो नवा राहत नाही, मग तो फोडणारा स्वतः शोधक का असेना. आणि वर्षअखेर म्हणजे तर जिभा सैल होण्याचा हंगाम. वर्षभर कारखान्यात तोंडाला कुलूप लावून बसलेला माणूस 24 डिसेंबरला व्याह्याला सगळं सांगून मोकळा होतो. मार्चमध्ये माझ्याकडे येतो तेव्हा शोध सगळ्या पाहुण्यांना तोंडपाठ असतो. आर्थिक वर्ष मार्चअखेर संपतं, पण माझ्या अनुभवाने शोधांची सर्वाधिक पडझड होते ती डिसेंबरअखेर.

अंकलनी माडावर चढायचं यंत्र केलं आहे. नारळ काढणारा पाडेली मिळत नाही ही पेडण्यातली घरोघरची रड. मिळाला तर येत नाही, आला तर दर ऐकून नारळच विकत आणावेसे वाटतात. अंकलनी जुन्या सायकलचे भाग, गाडीचा पट्टा आणि कुठलीशी स्प्रिंग जुळवून एक सांगाडा बनवला. ‘गो बाय, हाचें पेटंट जाय,’ ते म्हणाले.

‘कुणाला दाखवलंत?’ मी विचारलं. हा आमचा पहिला प्रश्न. डॉक्टर जीभ बघतात, आम्ही जीभ किती चालली ते बघतो.

‘कोणाकच ना,’ अंकल म्हणाले. मग आठवून आठवून सांगू लागले. चतुर्थीला आमच्याच अंगणातल्या माडावर प्रात्यक्षिक झालं होतं, ते सोडून. फेरीच्या तांडेलाला सांगितलं होतं, पण तो घरचाच. धाकट्या मुलाने व्हिडिओ काढून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला होता, आणि अंकलचं कुटुंब कुवेतपासून स्विंडनपर्यंत पसरलेलं आहे. तिकडून अंगठे आणि टाळ्या आल्या होत्या. शिवाय केरळातल्या एका शेतकऱ्याचं माडावर चढायचं यंत्र कधीचंच बाजारात आहे, हे सांगायला मी तोंड उघडणार तोच बाबा म्हणाले, ‘पण याच्या यंत्राला सीट आहे.’ बाबांना परीक्षकाच्या खुर्चीत बसवलं तर कुठलाही अर्ज अडायचा नाही.

कायदा अगदीच निर्दय नाही. 1970 च्या पेटंट कायद्यात एकतिसावं कलम आहे. केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात शोध मांडला, किंवा शोधकाने विद्वत्सभेपुढे त्यावर निबंध वाचला, तर अर्जाला बारा महिन्यांची सवलत मिळते. अंकलनी हे लक्ष देऊन ऐकलं. बल्कांवावर नजर फिरवली. एका सोप्यावर निवृत्त शाळामास्तर, त्यांच्या शेजारी बाबा, समोर नदी खात्यातला एकजण आणि पायरीवर दोन भाचे. ‘ही विद्वत्सभाच की,’ ते म्हणाले. मास्तरांनी आढेवेढे न घेता मान डोलावली. निबंध वाचला नव्हता एवढीच अडचण, आणि ते आता लिहून मागची तारीख घालायला तयार होते.

लिहून ठेवणं ही मात्र थट्टा नाही. अमेरिकेत 1995 मध्ये हळदीने जखम भरते यावर एका विद्यापीठाला पेटंट मिळालं होतं. आपल्याकडची कुठलीही आजी ते हसून उडवून लावेल, पण तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात परदेशातल्या आजीचं वापरणं धरलंच जात नव्हतं, छापील कागद लागे. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने संस्कृत ग्रंथांपासून 1953 च्या एका वैद्यकीय नियतकालिकातल्या लेखापर्यंत कागद गोळा केले आणि 1997 मध्ये ते पेटंट रद्द झालं. परिषदेचे तेव्हाचे महासंचालक रघुनाथ माशेलकर आपल्याच माशेलचे, आणि त्यांचा जन्मदिवस 1 जानेवारी. इतर लोक त्या दिवशी कशासाठी ग्लास उंचावतात ते त्यांचं त्यांना ठाऊक. आमच्या पेशातल्या गोंयकारांनी तरी दुधात हळद घालून उंचावावा असं माझं मत आहे. ते अजून कोणी मनावर घेतलेलं नाही.

मास्तरांना यातून वेगळंच सुचलं. गोव्याच्या बेबिंकाला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, काजूच्या फेणीला 2009 मध्येच, आमच्या शेजारच्या हरमलच्या मिरचीलाही मिळालं, मग तेरेखोलचं काय? मी म्हटलं, मानांकन एका माणसाला नसतं, त्या भागातल्या सगळ्या करणाऱ्यांचं असतं. सगळ्यांचं आहे म्हटल्यावर मास्तरांचा उत्साह थोडा ओसरला.

तेरेखोलात गुपित पाळणारे लोक नाहीतच असं मात्र नाही. आंटीच्या दोदोलाची कृती तिला कोणीही विचारावी, ती आनंदाने सांगते. नारळाचा रस, काळा गूळ, तांदळाचं पीठ, ढवळत राहायचं. तशीच कृती करून पाहणाऱ्या बायकांची संख्या मोठी आहे आणि कोणाचाच दोदोल तसा होत नाही. एक जिन्नस आंटी वगळते. तो कोणता, हे अंकलनाही माहीत नाही. पेटंटचं आयुष्य अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं, त्यानंतर ते सगळ्यांसाठी खुलं. आंटीच्या सासूने हा जिन्नस तिला सांगितला त्याला वीस वर्षं केव्हाच उलटली. तिला माझ्या सल्ल्याची गरज नाही. तिने मला कुस्वाराचं, म्हणजे नाताळच्या फराळाचं, ताट दिलं आणि फी वगैरे काही विचारलं नाही, हे तिच्या व्यवहारज्ञानाला धरूनच होतं.

दुसरं गुपित रस्त्याच्या वळणावर ताडपत्रीखाली होतं. वर्षाच्या शेवटच्या दिवशी गोव्यात मुलं ‘ओल्ड मॅन’ करतात. जुने कपडे, पेंढा, पोटात फटाके, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या अडवून पैसे. इथल्या पोरांनी या वेळी म्हाताऱ्याची मान हलती केली होती, कुठल्या तरी गाडीच्या वायपरच्या मोटरीवर. मला हे त्यातल्या सर्वांत धाकट्याने दहाची नोट घेऊन सांगितलं आणि लगेच मोठ्याने त्याला टपली मारली. पलीकडच्या वाड्यावरची मुलं कॉपी करतात म्हणून ताडपत्री होती, राखणीला पाळ्या होत्या, फोटोला बंदी होती. इतकी काटेकोर गोपनीयता मी मुंबईतल्या मोठमोठ्या कारखान्यांतही पाहिलेली नाही. मी त्यांच्या म्होरक्याला सांगणार होते, बाबा रे, तुझ्यासारखे चार अशील मला मिळाले तर मी सुखाने निवृत्त होईन. पण त्या दिवशी मध्यरात्री त्यांनी तो म्हातारा, मोटर, मान, सगळ्यासकट पेटवून दिला. वर्षाचा एकमेव नीट जपलेला शोध पाच मिनिटांत खाक झाला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

अंकल त्या टाळ्यांच्या गडबडीतही मला सोडायला तयार नव्हते. म्हणून मी त्यांना भारतातल्या पहिल्या पेटंटची गोष्ट सांगितली. 1856 मध्ये कलकत्त्यात जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग यांनी पंखा ओढायच्या यंत्रासाठी अर्ज केला. म्हणजे आपला पहिलावहिला शोध माणसाला घाम पुसायला लागू नये म्हणून होता. पुढच्याच वर्षी तो कायदाच रद्द झाला, कारण तो करताना राणीची परवानगी घ्यायची राहून गेली होती. 1859 मध्ये नव्याने करावा लागला. ‘म्हणजे तुमच्या कायद्याचाच फॉर्म चुकला होता,’ अंकल म्हणाले, आणि त्यांचं दुःख तिथल्या तिथे हलकं झालं. आता ते यंत्राला छत्री जोडत आहेत. छत्री जोडणं नवीन आहे का, असं त्यांनी मला फोनवर विचारलं. मागून तांडेलाचाही आवाज येत होता, ‘निळी छत्री म्हण, निळी.’

तेव्हा वाचकहो, नववर्षाच्या शुभेच्छा, आणि एक विनंती. येत्या वर्षात तुम्हाला खरंच काही सुचलं तर भावाला सांगू नका, ग्रुपवर टाकू नका, जत्रेत मांडू नका. एकट्या माणसाला तात्पुरता अर्ज ऑनलाइन करायला सरकारी फी 1600 रुपये आहे आणि पुढे विचार करायला बारा महिने मिळतात. आधी लगीन अँटॉप हिलचं. बाटली त्यानंतर उघडा.