इथं राहतं कोण?

गरीब वस्तीचा उद्धार करायचा म्हटला की सगळ्यात आधी जन्माला येतो तो अहवाल. 1966 च्या फेब्रुवारीत सिनेटर रॉबर्ट केनेडी न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या बेडफर्ड-स्टायव्हसंट या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत फेरफटका मारायला आले, तेव्हा तिथल्या लोकांनी त्यांना तोंडावर सुनावलं: आमचा अभ्यास पुष्कळ झाला, आता काहीतरी करा.

केनेडींनी केलं. 1967 मध्ये ना-नफा संस्था उभी राहिली. एक नव्हे, दोन! एकीवर वस्तीतली माणसं, दुसरीवर आयबीएमच्या प्रमुखांसारखी बडी धेंडं. दुखणं एका खोलीत, पैसा दुसऱ्या खोलीत. बंद पडलेल्या दूध कारखान्याचं पुढे दुकानं आणि कचेऱ्यांचं संकुल झालं, आयबीएमने वस्तीत कारखाना काढला, वस्तीतल्याच पोरांना कामाला लावून घरांचे दर्शनी भाग दुरुस्त केले. काम खरं होतं, त्याची थट्टा नाही. थट्टा काळाने केली. आज तिथल्या तपकिरी दगडाच्या घरांना लाखो डॉलर पडतात आणि भाडं झेपेना म्हणून कितीतरी जुनी बिऱ्हाडं उठून गेली. वस्ती सावरली, वस्तीकर पांगले.

आता बॉस्टन. रॉक्सबरीतला डडली स्ट्रीटचा परिसर. बँकांनी कर्ज देणं थांबवलं, विम्याच्या पैशांसाठी घरं पेटवली गेली, आणि रिकाम्या झालेल्या प्लॉटवर बाहेरचे लोक रातोरात कचरा ओतू लागले. घर फिरलं की वासेही फिरतात, इथं वासेही जळाले होते.

1985 मध्ये देणगीदार आणि संस्थावाल्यांनी सभा बोलावली. योजना तयार, कार्यकारी मंडळही तयार, त्यात रहिवाशांना मूठभर जागा. तेवढ्यात सभेतून सवाल आला: मंचावरच्या तुमच्यापैकी इथं राहतं कोण? मंचाकडे उत्तर नव्हतं. मंडळ नव्याने बांधावं लागलं, रहिवाशांचा वरचष्मा ठेवून.

मग या मंडळींनी आधी कचरा बंद पाडला. 1988 मध्ये तर कमालच केली: ओसाड प्लॉट सक्तीने संपादन करण्याचा अधिकार, जो एरवी सरकारच्या मुठीत असतो, तो महापालिकेच्या यंत्रणेकडून आपल्या संस्थेसाठी मिळवला. जमीन घेतली ती वस्तीच्या ट्रस्टच्या नावावर. घर तुमचं, खालची जमीन ट्रस्टची, 99 वर्षांच्या भाडेपट्ट्यावर. घर विका खुशाल, पण ठरवून दिलेल्या मर्यादेतच. शेजारी भाव कितीही चढोत, तुमच्यानंतर येणाराही साध्या मिळकतीचाच असतो. आज त्या जमिनीवर सव्वादोनशेच्या आसपास घरं आहेत.

फरक एवढाच. एकीकडे भिंतींना रंग दिला, दुसरीकडे सातबारा हातात घेतला. रंग लागला की भाव चढतो, भाव चढला की आधी रंगारीच बेघर होतो.

तेव्हा तुमच्या वस्तीत ‘कायापालटा’ची सभा भरली तर अवश्य जा. चहा घ्या, समोसा खा, पडद्यावरची हिरवीगार चित्रं पाहा. मग उभं राहून दोनच प्रश्न विचारा: तुमच्यापैकी इथं राहतं कोण? आणि जमीन कुणाच्या नावावर?

उत्तर येईपर्यंत सही करू नका.