ब्रूनोसाठी काहीही

शेजारच्या फ्लॅटचे अभिनंदन करावे तेवढे थोडे. ब्रूनो नामक लॅब्रॅडॉरच्या आगमनानिमित्त तिथे संपूर्ण गृहसुरक्षा आढावा पार पडला. चॉकलेटमधले थिओब्रोमीन कुत्र्याला बाधते, सबब नातवंडांचा डबा माळ्यावर गेला. बेदाणे मूत्रपिंडाला घातक, म्हणून ते शिऱ्यातून हद्दपार झाले. कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात हे कळल्यावर तर घरात बारमाही चातुर्मास लागला. आजींना चाळीस वर्षांत जे साधले नाही, ते ब्रूनोने आठवड्यात करून दाखवले. बाल्कनीला जाळी आली, फिनाइलला कुलूप लागले. गुळगुळीत फरशीवर घसरून खुबा दुखावू नये म्हणून दिवाणखानाभर न घसरणाऱ्या चटया अंथरल्या.

त्याच घरातल्या अप्पांनी न्हाणीघरात आधाराला एक दांडी मागितली, त्याला तीन वर्षे झाली. प्रस्ताव विचाराधीन आहे; टाइल्सना भोक पडेल, अशी रास्त हरकत नोंदलेली आहे. तूर्त त्यांना चटईवरून चालण्याची मुभा आहे, ब्रूनो झोपलेला नसेल तर.

परवा डॉक्टर घरी येऊन गेले. ब्रूनोचे. त्याची तपासणी संपताच अप्पांनी निमूटपणे आपलाही पंजा पुढे केला.