रविवारचा सुतार

रविवारचा सुतार हा सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील शहरांत आढळणारा, चाळिशीच्या आसपासचा नोकरदार गृहस्थ होय. साताऱ्यात तो शाहूपुरी, गोडोली, सदरबझार या भागांत आणि सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला विशेष दिसतो. कराड, विटा, तासगाव येथेही त्याची वस्ती आहे. सोमवार ते शनिवार तो बँकेत, जिल्हा परिषदेत किंवा साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात असतो आणि या काळात त्याला इतरांपासून वेगळे ओळखता येत नाही. रविवारी पोहे झाले की तो जुनी पँट चढवतो, कानावर पेन्सिल ठेवतो आणि मुलाला हाक मारतो. मुलाला स्वतःच्या हातांनी लाकडी खेळणे करून देणे हे त्याने घेतलेले व्रत असते आणि व्रताप्रमाणेच त्याचा त्रास घरातल्या सगळ्यांना होतो.

या प्रकाराची उत्पत्ती बहुधा सावंतवाडीत होते. मे महिन्यात कोकणातून परतताना, आंबोली घाट चढण्यापूर्वी, कुटुंब चितार आळीत थांबते. रंगवलेली लाकडी फळे-भाज्या आणि खेळणी करणारे कारागीर इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. गृहस्थ एक लाकडी आंबा उचलतो, उलटा करून पाहतो, किंमत विचारतो आणि “एवढ्याला? हे तर घरी होईल,” असे म्हणून खाली ठेवतो. बायको काही बोलत नाही. घरी होणारे वायरिंग आणि घरी होणारी गच्चीवरची शेती तिने याआधी पाहिलेली असते.

घाट चढेपर्यंत किमतीचा मुद्दा मागे पडतो आणि तत्त्वाचा पुढे येतो. तत्त्वासाठी या भागात लांब जावे लागत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र दिला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानच्या ओसाड माळावर नांगरांचा कारखाना उभा केला. रविवारचा सुतार स्वतःला या दोन्ही परंपरांचा वारस मानतो. त्याचे वडील वसतिगृहात राहून, स्वतःचे ताट स्वतः घासून शिकलेले असतात. तो स्वतः चहाचा कप बेसिनपर्यंत नेत नाही. तरीही “पोराला हाताने काम करायची सवय पाहिजे,” हे वाक्य तो आठवड्यातून एकदा तरी म्हणतो.

पहिला टप्पा लाकडाचा. वखारीत जाऊन तो सागवान मागतो, भाव ऐकतो आणि लाकूडतोडीने होणाऱ्या निसर्गाच्या हानीबद्दल बोलू लागतो. त्यानंतर फुकटच्या लाकडाचा शोध सुरू होतो. मोडक्या खाटेचा पाय, शेजाऱ्यांच्या जुन्या दाराची फळी, शेतावरची बाभळीची फांदी असा माल गॅलरीत जमतो. खेळण्याला मऊ आणि हलके लाकूड लागते. कोकणात त्यासाठी पांगारा वापरीत. चन्नपट्टणचे कारागीर काळा कुडा वापरतात. याच्याकडे मात्र आलेली बाभूळ असते, आणि बाभळीचा उपयोग बैलगाडीसाठी होत असे तो तिच्या कठीणपणामुळेच. या लाकडात करवत शिरते, पण बाहेर यायला तयार नसते.

सांगलीकडच्या उपप्रकाराला याबाबतीत एक जास्तीची सोय आहे. मिरजेत शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात शस्त्रांची कामे सोडून सतार-तंबोरे करायला घेतले. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ही वाद्ये तुणाच्या लाकडाची असतात. सांगलीचा रविवारचा सुतार सतारमेकर गल्लीत जाऊन दोन-चार तुकडे मागून आणतो आणि पुढे वर्षभर पाहुण्यांना सांगतो, “हे चाक तंबोऱ्याच्या लाकडाचं आहे.” चाक फिरताना जो आवाज येतो त्याचा किराणा घराण्याशी काहीही संबंध नसतो.

हत्यारांची अडचण येत नाही, कारण ती लाकडाच्या आधीच आलेली असतात. गावच्या सुताराचे वाकस, करवत, रंधा, पटाशी आणि गिरमिट एवढ्यावर भागत असे. बलुतेदारीत तो सुगीला धान्य घेऊन वर्षभर नांगर-गाड्यांची कामे करी आणि उरल्यासुरल्या तुकड्यातून एखादा भोवरा पोरांना असाच देई. माण, खटाव, जतकडच्या पोरांना तर तोही लागत नसे. ज्वारीच्या धाटाची साल आणि आतला भेंड एवढ्या भांडवलावर बैलजोडीसकट गाडी तयार होई. रविवारच्या सुताराकडे विजेचे ड्रिल, विजेची करवत आणि छत्तीस पात्यांची पेटी असते. पेटीतली दोन पाती कशाची आहेत ते त्याला कळते. उरलेली चौतीस पाहून पाहुण्यांचा त्याच्याविषयी आदर वाढतो.

काय करायचे यावर बापलेकांत मतभेद असतो. बापाला बैलगाडी करायची असते, मुलाला जेसीबी. तडजोड उसाच्या ट्रॅक्टरवर होते. दिवाळीपासून मार्चपर्यंत दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे हे वाहन घरासमोरूनच जात असल्यामुळे नमुना रोज पाहायला मिळतो. मुलाचा या विषयाचा अभ्यास दांडगा असतो. ट्रॉलीची उंची, मागची लाल पट्टी आणि ड्रायव्हरच्या डोक्यावरचे स्पीकर यांत तो तडजोड करत नाही. बाप स्पीकर गाळायचे ठरवतो; मुलाच्या मते स्पीकर नसेल तर तो ट्रॅक्टरच नव्हे.

प्रत्यक्ष कामात श्रमविभागणी ठरलेली असते. मुलाने टेपचे टोक धरायचे, भुसा फुंकायचा आणि बापाच्या कानावरची पेन्सिल घरभर शोधायची. “पप्पा, मी कापू?” याचे उत्तर “थांब, हे अवघड आहे,” असे असते. “मी ठोकू?” याचे उत्तर “बोटाला लागेल,” असे असते. त्यानंतर थोड्याच वेळात बापाच्या बोटाला लागते. 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली सांगलीची हळद घरात असतेच. ती बोटावर दाबून रविवारचे काम संपते.

चाकांचा प्रश्न पुढच्या रविवारी निघतो. फांदीच्या चकत्या कापल्या की आयती चाके मिळतात, असा शोध प्रत्येक रविवारचा सुतार स्वतंत्रपणे लावतो. लाकूड वाळताना वाढीच्या वलयांच्या दिशेने जेवढे आकसते, त्याच्या साधारण निम्मेच ते गाभ्याकडे आकसते. या ओढाताणीत ओली चकती कडेपासून मध्यापर्यंत उलते. माघात कापलेली चाके चैत्रात तोंड उघडतात. खरा सुतार बैलगाडीचे चाक आरे आणि तुकडे जोडून, वर लोखंडी धाव चढवून का करीत असे, हे कळायला एक उन्हाळा पुरतो.

या टप्प्यावर मिस्त्रींना बोलावले जाते. निमित्त घरातले दार घासत असल्याचे असते. दाराचे काम करता करता मिस्त्री ट्रॅक्टर हातात घेतात. “सायेब, लाकूड वलं हाय,” एवढेच म्हणतात. मग फळीच्या टोकाला खिळा ठोकताना ती का चिरते ते दाखवतात. अणकुचीदार खिळा तंतू बाजूला रेटतो आणि फळी फाकते. ठोकण्याआधी टोकावर हातोडीचा एक टोला देऊन ते बोथट केले, तर खिळा तंतू चेचत आत जातो आणि फळी शाबूत राहते. हे सगळे ते मुलाला सांगतात आणि हातोडीही त्याच्याच हातात देतात. संपूर्ण प्रकल्पातला हा एकमेव अध्यापनाचा प्रसंग. त्या वेळी बाप आत चहा सांगायला गेलेला असतो.

जोडणीला पांढरा डिंक वापरतात. तो लावल्यावर भाग दाबून धरून रात्रभर तसेच ठेवायचे असतात. बाप दर दहा मिनिटांनी हलवून पाहतो आणि त्यामुळेच ते हलतात. पुढे मुलगा, कारखान्यावरून आलेला ट्रॅक्टर धुतात तसा, हाही बादलीत धुतो. साधा डिंक पाण्यात टिकत नाही, हे ज्ञान तेव्हा घरात येते.

रंगाबाबत मात्र रविवारचा सुतार कमालीचा जागरूक असतो. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त नसावे, असा भारतात 2017 पासून नियम आहे, आणि तो त्याला पाठ असतो. एवढ्यावर न थांबता तो नैसर्गिक रंगांकडे वळतो. हळदीने ट्रॅक्टर सुरेख पिवळा होतो, पण हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. गॅलरीतला ट्रॅक्टर थोड्याच दिवसांत फिका पडतो. मग चकाकीसाठी स्वयंपाकघरातले शेंगतेल चोळले जाते. जवसाचे तेल हवेत सुकून कडक होते, शेंगतेल सुकत नाही. ट्रॅक्टर चिकट होतो आणि दोन दिवसांत त्यावर घरातली सगळी धूळ आणि मांजराचे केस जमा होतात.

1 जानेवारी 2021 पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. हे खेळणे विकायचे नसल्याने, आणि विकत कोणी घेणार नसल्याने, त्याची तपासणी आजी करते. ती चाक ओढून पाहते, कडेवरून बोट फिरवते आणि सुटलेले चाक धाकट्या नातवाच्या तोंडात मावेल का याचा अंदाज घेते. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना प्रयोगशाळेतही असाच निकष लावतात. तिथे त्यासाठी 31.7 मिलिमीटर व्यासाचे नळकांडे असते. आजीचा निकाल बहुधा “माळ्यावर ठेवा,” असा लागतो.

माळ्याऐवजी ट्रॅक्टर दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये जातो. फोटो ‘आपला परिवार’ गटावर पडतात आणि आत्या, मावश्या अंगठे पाठवतात. मुलाला मात्र ट्रॅक्टरला हात लावायची परवानगी नसते. त्याच्याकडे दुसरे वाहन असते: मिस्त्री गेल्यावर उरलेला फळीचा ठोकळा आणि त्यात दाटीवाटीने ठोकलेले, टोके बोथट केलेले खिळे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे तो भरलेला उसाचा ट्रेलर आहे. फळी कुठेही चिरलेली नसते.

एकूण हिशेब पाहता हत्यारे, रंग, डिंक आणि मिस्त्रींची मजुरी या खर्चात सावंतवाडीची टोपलीभर फळे सहज आली असती. रविवारच्या सुताराच्या हातून उत्तम खेळणे झाल्याचे अद्याप कोणी पाहिलेले नाही. मात्र या घरांतल्या मुलांना दहाव्या वर्षी खिळा सरळ ठोकता येतो आणि वडिलांनी वाकडा ठोकलेला उपटताही येतो. हा प्रकार घरात असल्यास त्याला बंदी करू नये. रविवारी सकाळी चहाला थोडा जास्त वेळ बसवावे आणि तेवढ्यात हातोडी मुलाकडे द्यावी.