मोहोर अस्सल, मजकूर नंतर पाहू

जुलै २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात, पुणे जिल्हाधिकारी कचेरीत भारतीय प्रशासन सेवेतील प्रशिक्षणार्थी म्हणून आलेल्या श्रीमती पूजा खेडकर यांनी स्वतंत्र कक्ष, शिपाई व मोटार यांची जी अकाली मागणी केली तिचा, आणि त्यांच्या खाजगी आलिशान मोटारीवरील दिव्याचा, बोभाटा जेव्हा आवरेनासा झाला, तेव्हा मंत्रालयाने शिरस्त्याप्रमाणे एकच रामबाण इलाज केला, तो असा की त्यांना वाशीमला पाठविले. पुण्याला जे झेपत नाही ते वऱ्हाडाने निमूटपणे सांभाळावे हा दंडक इतका अंगवळणी पडला आहे, की या हुकमात आमच्या जिल्ह्याचा काही अवमान आहे हे हुकूम लिहिणाऱ्या कारकुनाच्या ध्यानातही आले नसेल. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा काढलेला हा जिल्हा २०१८ साली नीती आयोगाने गडचिरोली, नंदुरबार व उस्मानाबाद यांच्या पंगतीत ‘आकांक्षित’ म्हणून बसविला होता. सहा वर्षे वाट पाहिल्यावर निदान एक आकांक्षा तरी पुण्याहून रवाना झाली, एवढेच समाधान.

तेही टिकले नाही. बाईसाहेब रुजू होऊन आठवडाही लोटला नाही तोच १६ जुलैला त्यांचे प्रशिक्षण थांबवून मसुरीच्या प्रशासन अकादमीत हजर होण्याचा आदेश सुटला. ३१ जुलैला केंद्रीय लोकसेवा आयोगाने त्यांची उमेदवारी रद्द केली, आणि सप्टेंबरात केंद्र सरकारने त्यांना सेवामुक्त केले. स्वतःचे व आईवडिलांचे नाव बदलून मर्यादेपेक्षा अधिक वेळा परीक्षा दिली, हा आयोगाचा निष्कर्ष. अपंगत्वाच्या व इतर मागासवर्गाच्या दाखल्यांचा वाद त्याखेरीज. बाईंना हे सारे अमान्य असून प्रकरण न्यायालयात गेले आहे, तेव्हा त्यांच्याविषयी आम्ही अधिक बोलत नाही. आम्हांला भुरळ घातली ती आयोगाच्या खुलाशाने. प्रमाणपत्र सक्षम अधिकाऱ्याने दिले आहे ना, त्यावर तारीख आहे ना, खाडाखोड नाही ना, एवढे आम्ही पाहतो. आतल्या मजकुराची सत्यासत्यता तपासण्याचा आम्हांस अधिकारही नाही आणि तेवढी साधनसामग्रीही नाही, असा त्या खुलाशाचा आशय. आमच्या राज्यकारभाराचे सगळे उपनिषद इतक्या थोडक्यात यापूर्वी कोणी सांगितले असेल असे वाटत नाही.

वाशीमच्या भूमीला वस्तुतः दस्तऐवजांची पारख करण्याची मोठी परंपरा आहे. हे नगर म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. येथे १९३९ साली सापडलेला द्वितीय विंध्यशक्तीचा ताम्रपट, ज्याचा आरंभ संस्कृतात आणि पुढील तपशील प्राकृतात आहे, तो विद्वानांनी अक्षरवटिका, भाषा व वंशावळ यांच्या कसोटीवर घासूनच मान्य केला, कारण बनावट ताम्रपट करणारे कसबी कारागीर त्याही काळी होते आणि मनूने तर अशा कूटशासनकारांना थेट वधदंड सांगितला आहे. मात्र याच वत्सगुल्मात काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा गांधर्व विवाह झाला असे राजशेखर ‘काव्यमीमांसे’त सांगतो. ना साक्षीदार, ना नोंदणी, ना दाखला! आजच्या एखाद्या महाविद्यालयात हे दांपत्य साहित्याच्या अध्यापनास आले, तर आस्थापना विभागाचे बाबू त्यांना पहिल्याच खिडकीवरून परत पाठवतील.

कारण महाविद्यालयांत तर लोकसेवा आयोगाच्या त्या खुलाशाचे रीतसर अध्ययन-अध्यापन चालते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली अध्यापकाची विद्वत्ता गुणांकांत मोजण्याचे फर्मान काढले, शोधनिबंधाला इतके गुण आणि चर्चासत्राला तितके असा तक्ता छापला, आणि ज्या देशात मागणी तसा पुरवठा करणारे सज्जन पावलोपावली भेटतात तेथे पैसे भरताच आठवड्यात निबंध छापणारी ‘आंतरराष्ट्रीय’ नियतकालिके भाड्याच्या खोल्यांतून प्रसवू लागली. मे २०१८ मध्ये आयोगाने स्वतःच्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके एका फटक्यात वगळली. परंतु त्यांत छापलेल्या निबंधांच्या बळावर झालेल्या पदोन्नत्या परत घेण्याचा अरसिकपणा कोणी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. अशा फाईलचे दर्शन एकदा घ्यावेच: प्लॅस्टिकच्या पाकिटांत ओळीने लावलेली सहभागाची प्रमाणपत्रे, प्रत्येकावर ‘सत्यप्रत’ असा जांभळा शिक्का, आणि शिक्क्याखाली ज्या प्राचार्यांची सही त्यांचीही फाईल शेजारच्याच कपाटात, तशाच पाकिटांत.

नेमणुकीचे म्हणाल, तर बिंदुनामावली तपासलेली असते, जाहिरात नियमानुसार आलेली असते, विषयतज्ज्ञ व शासनाचे प्रतिनिधी मुलाखतीस जातीने उपस्थित असतात, आणि कोणाची निवड व्हायची हे संस्थाचालकांच्या ओसरीवर आदल्या महिन्यातच ठरलेले असते. सध्याचा भाव तालुक्याच्या गावी चहाच्या टपरीवर कोणीही बिनचूक सांगेल. पावती मात्र कोणी दाखवणार नाही. आणि ज्याने खरोखर नेट उत्तीर्ण होऊन, ग्रंथालयात डोळे शिणवून पीएच. डी. मिळविली, तो तासिका तत्त्वावर शिकवीत, मानधनाचे बिल कधी निघेल याची चौकशी करीत लेखापालाच्या टेबलापाशी उभा असतो. त्याचे सगळे दाखले खरे असतात हाच त्याचा अपराध.

या व्यवस्थेवर देखरेख करणाऱ्या ‘नॅक’च्या पाहुण्यांची कथा निराळी नाही. त्यांच्या आगमनाआधी कुंड्या येतात, भिंतींना रंग लागतो, कधी न भरलेल्या समित्यांची इतिवृत्ते एकाच शाईने, एकाच हस्ताक्षरात, तीन-तीन वर्षांची एका रात्रीत पूर्ण होतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये आंध्रातील एका संस्थेला वरची श्रेणी देण्यासाठी सोने, रोकड व लॅपटॉप स्वीकारल्याच्या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने परीक्षण समितीच्या अध्यक्षांसह अनेकांना अटक केली, तेव्हा आमच्याकडील काही संस्थाचालक मनापासून हळहळले. शाल, श्रीफळ आणि पुरणपोळीवर आपण इतकी वर्षे निभावले याची त्यांना प्रथमच खंत वाटली असावी.

वाशीम जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत त्याला संत गाडगेबाबांचे नाव आहे. हाती खराटा घेऊन गावे झाडणाऱ्या, कीर्तनात श्रोत्यांनाच प्रश्न विचारून निरुत्तर करणाऱ्या या पुरुषाने शाळेचे तोंड पाहिले नव्हते. समाजशास्त्राच्या रिक्त पदासाठी त्यांनी अर्ज केलाच, तर छाननी समितीचा शेरा आम्हांस आजच दिसतो: शैक्षणिक अर्हता निरंक, शोधनिबंध निरंक, धर्मशाळा व सदावर्ते यांस गुणांक देय नाहीत, स्वच्छतेचा अनुभव नमूद केला असला तरी त्याबाबत सक्षम अधिकाऱ्याचा दाखला जोडलेला नाही, सबब अर्जदाराने सात दिवसांत त्रुटीपूर्तता करावी, अन्यथा अर्ज निकाली काढण्यात येईल.