सुट्ट्याऐवजी गोळी : घेण्याची व चालवण्याची रीत

साताऱ्याच्या स्टँडवर चहा प्यावा, सांगलीत उतरून गणपतीला नारळ घ्यावा आणि दोन्ही ठिकाणी एकेक रुपया परत येणे असावा. तो येत नाही. येते ती गोळी. अशा वेळी कपाळाला आठी घालू नये. समोरचा माणूस आपल्याला फसवत नसून नाणे पाडत आहे, हे आधी समजून घ्यावे.

सरकारी टांकसाळी देशात चारच : मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. कृष्णाकाठाला त्यातली एकही आलेली नाही, म्हणून ही स्थानिक सोय. परंपरा मात्र जुनी आहे. मराठेशाहीत मिरजेला रुपये पडत आणि त्यांवर गावाचे नाव मुर्तजाबाद असे. राज्य छत्रपतींचे, नाव दिल्लीच्या बादशहाचे. मग बरणीतल्या गोळीवर दुकानदाराचे नाव नाही म्हणून तक्रार कशाला?

आता पारख. नाण्यावर सालाखाली बघावे. चौकटीच्या आकाराची खूण मुंबईची, चांदणी हैदराबादची, टिंब नोएडाचे. काहीच नसेल तर नाणे कोलकात्याचे. गोळीवर मुदत बघावी, दिसलीच तर. काउंटरवर आपटून आवाज ऐकायची जुनी रीत इथे उपयोगाची नाही, कारण अस्सल गोळीही बद्दच वाजते. दाताखाली धरून बघण्याची रीत दोघांनाही चालते; फक्त गोळीची पारख पुरी होईतो गोळी संपलेली असते.

पेपरमिंट असेल तर जास्त सावध राहावे. तोंड गार पडल्यासारखे वाटते, पण थर्मामीटर लावला तर पारा जागचा हलत नाही. मेंथॉल थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चकवते, एवढाच तो गारवा. याच चकव्याचा धागा धरून शरीरातला थंडीचा संवेदक शोधणारे डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन 2021 च्या नोबेलचे मानकरी ठरले. बद्द्या रुपयाला इतका भाव दुसरीकडे मिळालेला नाही.

फारच शंका आली तर खानापूर-आटपाडीकडचा गलाईवाला गाठावा. दुष्काळाने तिकडची माणसे गाव सोडून देशभर पांगली. सोने-चांदी गाळून तिचा कस सांगण्यात त्यांचा हात धरणारा नाही. गोळी दाखवू नये. हसतात.

गाळण्यावरून आठवले. नाणे वितळवणे हा 2011 च्या नाणे कायद्याने गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैद. गोळी मे महिन्यात खिशात आपली आपणच वितळते. तिची शिक्षा धुणे भिजवताना घरीच मिळते. त्याच कायद्याने आठ आणे आजही 10 रुपयांच्या रकमेपर्यंत चालतात. चार आणे 30 जून 2011 पासून गेले. पण आठ आणे पुढे करून बघा, शिवराई काढल्यासारखे लोक बघतात. गोळीकडे तसे कोणी बघत नाही.

(फोनवरून पैसे देणाऱ्यांनी हे मार्गदर्शन वाचू नये. त्यांच्यामुळेच ही टांकसाळ बंद पडायला आली आहे.)

राहिले चालवणे. गोळी चालते, पण एकाच दिशेने. मी पाच साठवल्या आणि स्टँडजवळच्या एका दुकानात दोन रुपयांची काडेपेटी मागून त्या मोजून ठेवल्या. दुकानदाराने एकेक उलटून पाहिली.

“पाव्हणं, ह्या आमच्याकडच्या न्हाईत.”

“चालत नाहीत?”

“चालत्यात की. पर कागद मळलाय. बट्टा बसंल.”

पाचांचे त्याने दोन रुपये धरले. काडेपेटी दिली, गोळ्या बरणीत टाकल्या. माझ्या मागे उभ्या असलेल्या मावशींचे तीन रुपये परत येणे होते. त्यातल्याच तीन काढून त्याने त्यांच्या हातावर ठेवल्या.