कोरियन बेकरी : रचना, प्रकार व वापर

कोरियन बेकरीत ग्राहकाचा खिसा त्याच्याच हातून हलका करवून घेतात. दारातच ट्रे आणि चिमटे ठेवलेले असतात. मांडलेले पाव ग्राहकाने स्वतः उचलून गल्ल्यावर न्यायचे. वसईजवळच्या कामणमध्ये असले लाड नाहीत. तिथे पाव लादीने मागतात, खारी वजनावर घेतात आणि बरणीकडे हात गेलाच तर दुकानदाराची नजर पुरेशी असते. ‘दोन लाद्या द्या’ म्हटले की व्यवहार आटोपतो. कोरियन बेकरीत शिरलेल्या कामणकराला हे वाक्य उपयोगाचे नसते. हातात चिमटा असतो आणि अडवायला कोणीही नसते.

दोन्हीकडच्या पावाचे मूळ मात्र एकच. वसईवर १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांचा अंमल होता. चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, पाव राहिला. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनीच तो जपानलाही नेला. जपान्यांनी त्यात गोड घेवड्याचे सारण भरले आणि १९१० ते १९४५ या त्यांच्या राजवटीत हा गोड पाव कोरियात रुजला. पुढे कोरियन युद्धानंतर अमेरिकेच्या मदतीचा गहू आला आणि भट्ट्यांना बरकत आली.

डेजॉन शहरातली ‘सॉन्गशिमदांग’ ही बेकरी याच काळातली. उत्तर कोरियातून निसटलेले एक कुटुंब सोलला निघाले होते. गाडी डेजॉनला बंद पडली. वसई-दिवा मार्गावर अशा वेळी प्रवासी रेल्वेचा उद्धार करतात. या कुटुंबाने चर्चकडून मिळालेल्या दोन पोती पिठावर १९५६ साली स्टेशनसमोर वाफवलेले गोड पाव विकायला घेतले.

या बेकरीचा मुख्य पदार्थ १९८० पासूनचा ‘त्विगिम सोबोरो’. पावावर पीठ, लोणी आणि साखरेचा रवाळ चुरा थापतात, आत लाल घेवड्याचे सारण भरतात आणि सगळा ऐवज तेलात तळतात. पहिल्या घासाला चुरा शर्टावर सांडतो, दुसऱ्याला सारण लागते. हे सारण म्हणजे वेलची-जायफळ विसरलेले पुरण. तिच्याच ‘बुचुप्पांग’मध्ये लसणाच्या वासाची पात आणि अंडे असते, गोडाने तोंड मिटले की ते कामी येते. ‘सोगुमप्पांग’ हा कोरियात सर्वत्र मिळणारा खारा पाव. त्याच्या गुंडाळीत लोण्याचा तुकडा ठेवतात. भट्टीत लोणी वितळून खाली उतरते, बूड तळल्यासारखे कुरकुरीत होते आणि लोण्याच्या जागी पोकळी उरते. या पोकळीचेही पैसे पडतात, हे पावती वाचताना कामणकराच्या लक्षात येते.

नवख्याने आधी संपूर्ण फेरी मारावी आणि मगच चिमटा चालवावा, हे शहाणपणाचे. प्रत्यक्षात पहिल्याच टेबलाशी ट्रे भरतो आणि खरी नामांकित वस्तू शेवटच्या टेबलावर निघते. उचललेला पाव परत ठेवणे शिष्टसंमत नाही.

उरलेल्या पावाचा आपल्याकडे टोस्ट होतो. सॉन्गशिमदांग तो पाव गरजूंना वाटते. २०१४ साली कोरियाभेटीवर आलेल्या पोप फ्रान्सिस यांच्या न्याहारीला तिचाच पाव होता. एवढी कीर्ती होऊनही तिने डेजॉनबाहेर दुकान काढलेले नाही. ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पाटी अभिमानाने मिरवणाऱ्या मराठी दुकानदाराला तिची ही एक गोष्ट चव न घेताच पटेल.