सामान्य नागरिक : निवड, वापर व निगा

जागतिक हवामान धोरणाच्या चर्चेत सामान्य नागरिक लागतोच. मंत्री, मुत्सद्दी आणि तज्ज्ञ दरवर्षी कुठे ना कुठे जमतात. पण 'लोकांचे म्हणणे काय' हा रकाना कोरा राहिला की ठराव उघडाबोडका दिसतो. तो भरण्याचा पहिला मोठा प्रयोग डेन्मार्कच्या पुढाकाराने २६ सप्टेंबर २००९ रोजी झाला. ३८ देशांतल्या सुमारे ४,००० नागरिकांनी एकाच दिवशी एकाच प्रश्नावलीवर खल केला आणि कोपनहेगनच्या परिषदेकडे कडक करार मागितला. परिषदेने नेत्यांनी स्वतः तयार केलेल्या मसुद्याचीही नुसती 'नोंद घेतली', तेव्हा नागरिकांनी मनाला लावून घेण्याचे कारण नाही.

२०२१ च्या ग्लासगो परिषदेसाठी सोडतीची पद्धत आली. लोकसंख्येच्या हिशेबाने पृथ्वीवर १०० ठिपके पाडण्यात आले, स्थानिक संस्थांनी तिथली माणसे गाठली आणि त्यांतून वय, लिंग, शिक्षण पाहून शंभर जण निवडले. बैठका ऑनलाइन, सोबत दुभाषे, शिवाय मानधन. वॉर्डाच्या सभेला जाणाऱ्याचे रिक्षाभाडेही पदरचे जाते, हे लक्षात घेतले म्हणजे या पद्धतीची थोरवी कळते.

हा नागरिक घरच्या मैदानावर पाहायचा तर बंगळुरूसारखे ठिकाण नाही. तिथल्या महापालिकेने नोव्हेंबर २०२३ मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला. २०५० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचा त्यात संकल्प आहे. आराखडा म्हटला की लोकसहभाग आलाच. अडचण एवढीच, की त्या दिवशी महापालिकेत लोकांनी निवडून दिलेला एकही नगरसेवक नव्हता. सभागृहाची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली, पुढची पाच वर्षे निवडणुकीला मुहूर्त लागला नाही आणि २०२५ मध्ये महापालिकेचेच पाच तुकडे झाले. मधल्या काळात १९८ वॉर्डांचा कारभार अधिकाऱ्यांनी वाहिला. म्हणजे २०५० च्या तापमानाविषयी बंगळुरूकराला जगापुढे बोलता येत होते. गल्लीतल्या तुंबलेल्या राजकालुवेबद्दल, अर्थात पावसाळी नाल्याबद्दल, बोलायचे तर इंजिनिअरसाहेबांना गाठायचे, आणि साहेब साइटवर.

झाडांबाबत कायदा त्या मानाने उदार आहे. ५० हून अधिक झाडे तोडायची असतील तर जाहीर नोटीस काढून हरकती मागवाव्या लागतात. पन्नासाव्या झाडापर्यंत नागरिकाला मत असते, असे कायदा धरून चालत नाही.

कधीकधी नागरिक न बोलावताच येतात. अशांची निगा राखणे अवघड. बसवेश्वर चौक ते हेब्बाळ या पोलादी उड्डाणपुलासाठी ८१२ झाडे जाणार, हे कळल्यावर १६ ऑक्टोबर २०१६ रोजी हजारो लोक रस्त्याकडेला साखळी करून उभे राहिले. 'स्टील फ्लायओव्हर बेडा', म्हणजे नको, एवढेच त्यांचे हवामान धोरण. त्याला दुभाषा लागला नाही. मार्च २०१७ मध्ये सरकारने पूल रद्द केला. आता हेब्बाळपासून सिल्क बोर्डापर्यंत सुमारे १७ किलोमीटरचे भुयार खणण्याचा घाट आहे; जमिनीखाली साखळी धरायची सोय नसते, हा त्याचा एक गुण मानावा लागेल.

सर्वांत व्यापक सहभाग मात्र मार्च २०२४ मध्ये मिळाला. शहरातल्या १३,९०० सरकारी बोअरांपैकी ६,९०० कोरड्या पडल्या होत्या. आपल्या घरचीही आटली, असे उपमुख्यमंत्री डी. के. शिवकुमार यांनी सांगितल्यामुळे सामान्य नागरिकांच्या संख्येत एकाची भर पडली. पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्यास वा बागेला पाणी घालणाऱ्यास ५,००० रुपये दंड ठरला. पाच किलोमीटरच्या आत ६,००० लिटरचा टँकर ६०० रुपयांना, असा दरही प्रशासनाने बांधून दिला; त्या दरात टँकर मिळवण्याचे काम तेवढे लोकसहभागावर सोडले.